कापडाची लव

पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात क्यू दिलाच नाही.
ब्रश दिला.
"पिवळ्याच्या टोकाकडून काळ्याकडे. एकाच दिशेनं.
उलटा फिरवलास तर जिन्यावरून खाली जाशील,
आणि पायांनी नव्हे."

टेगवेन प्रोसर. वय विचारायचं नाही.
खाण बंद पडली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो,
वेल्सच्या ह्या दरीत कामगारांचं इन्स्टिट्यूट तेवढं उरलंय.
खाली वाचनालय होतं, तिथे आता दातांचा दवाखाना,
वर, जिना संपतो तिथे, दोन टेबलं.
त्यातलं एक पोटावर बादली घेऊन
छताच्या गळतीखाली आडवं पडलेलं.

मी बिस्किटांच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
सकाळी झोप येत नाही म्हणून इथे आलो.
कुणाला सांगायला एवढं कारण पुरतं.

"डोळे मीट. तळवा फिरव."
एका बाजूनं कापड मांजराच्या पाठीसारखं निमूट,
उलट गेलं की बोटांशी हुज्जत.
"ही लव. हळू निघालेला चेंडू हिचं ऐकतो, वळतो.
धाडधाड मारणाऱ्यांना ती असते हेच कळत नाही.
आमच्या ह्यांना चाळीस वर्षांत कळलं नाही."

मग खडू. मग नुसतं उभं राहणं:
मागचा पाय ताठ, पुढचा गुडघा थोडा सैल,
हनुवटी लाकडाला टेकलेली,
आणि श्वास कुठे ठेवायचा ते कुणीच सांगत नाही.
डाव्या पंजाचा पूल करायचा.
माझ्या पुलावरून
शेळीसुद्धा गेली नसती.

लाल चेंडू पंधरा. मला वाटलं होतं, एवढे आहेत,
एखादा तरी चुकून जाईल.
ते गादीला धडकून परत यायचे, लाजऱ्या पाहुण्यांसारखे
दारापर्यंत येऊन वळायचे.
पांढरा मात्र दर वेळी खिशात.
घरचा रस्ता जणू त्यालाच ठाऊक.
"चार मला," असं म्हणत टेगवेन
भिंतीवरच्या पाटीचा पितळी काटा सरकवायची.
क्यूला हात न लावता
त्या सकाळी ती चौऱ्याऐंशीवर पोचली.

"तुम्ही कधी खेळत होता?"
इस्त्री तापली का ते ती ओल्या बोटानं बघत होती.
"बायकांना ह्या दारापर्यंत. पाटीच होती तशी.
स्क्रूची भोकं बघ, बुजवलीसुद्धा नाहीत.
पण कापडाला इस्त्री करायला
कुणीतरी आत यायला लागायचंच ना.
शनिवारी सकाळी, माणसं यायच्या आत.
एकोणतीस वर्षं."

पुढे नुसता गरम लोकरीचा वास.
मला काहीतरी बोलायचं होतं.
मी क्यूला खडू लावला.
आधीच लावलेला होता.

फेब्रुवारीत एकदा निळा बरोबर मधोमध उभा,
मधल्या खिशाकडे तोंड करून.
मी नेम केसभर अलीकडे धरला, पिवळ्याच्या अंगाला,
आणि मारला नाही, नुसता सोडला.
चेंडू निघाला. चुकलाच होता.
मग वाटेत, कुणीतरी खांद्याला हात लावावा तसा,
वळला,
खिशाच्या ओठावर येऊन थांबला.
पडला नाही.

टेगवेन काही बोलली नाही.
एप्रनला हात पुसले, दोनदा.
दाराकडे एक नजर. तिथे कोणी नव्हतं.
"सरक," म्हणाली.

मला वाटलं होतं, आता बघायला मिळेल.
एवढ्या वर्षांची जाण, बोटांत साठलेली.
पण तिचा पूल माझ्यापेक्षा वाईट.
कोपर बाहेर, क्यू कुदळीसारखा धरलेला,
जीभ दातांत. शाळेतल्या पोरीसारखी.
खाडकन मारला.
धाडधाड मारणाऱ्यांसारखाच.

निळा गेला.
त्याच्या मागोमाग पांढरा.

"गेला!" ती ओरडली. "निळ्याचे पाच मला!"
मी पाटीपाशी गेलो,
पितळी काटा सरकवला,
माझ्या बाजूचा.
"पाच मला."

ती खिशात हात घालून पांढरा शोधत होती,
हसत होती, हात जाळीत अडकला होता,
आणि मी परत मांडायला म्हणून
लाल चेंडू गोळा करू लागलो.