झिंजवो

निवृत्तीच्या दिवशी मला एक शाल मिळाली,
एक घड्याळ, जे दुसऱ्याच दिवशी थांबलं,
आणि मीच अर्ज करून मागितलेला एक ससा.
मादी. पांढरी. डाव्या कानात निळ्या शाईत सत्तावीस.
साहेब म्हणाले, मोहिते, हिचं इथलं काम संपलंय.
मग माझ्याकडे बघून उगाच खोकले.

एकतीस वर्षं मी त्या प्राणिघरात गोळ्या मोजल्या.
पिंजऱ्यामागे दीडशे ग्रॅम, सकाळी सातला.
गवताला आत मज्जाव होता.
गवतात धूळ येते, किडा येतो,
वहीत मांडता येत नाही असं काहीतरी येतं.

पहिल्या आठवड्यात मी खंडेराव मार्केटबाहेरच्या
जिवीबेनकडून रजको आणला, हिरवागार, पाणी शिंपडलेला.
गायीसाठी ना, तिनं विचारलं.
सशासाठी.
'ससला माटे?' म्हणत तिनं एक पेंडी वर टाकली,
पुण्य अर्धं अर्धं.
सत्तावीसनं पानन् पान संपवलं
आणि चौथ्या दिवशी फरशीवर चुना कालवल्यासारखी लघवी.
रजको पिल्लांसाठी, दुभत्यांसाठी;
वय झालेल्यांना तो पचतो, पण झिरपत नाही.
हे मला माहीत होतं. म्हणजे वहीला माहीत होतं.

अलकापुरीतल्या दुकानात पाकीट होतं,
वर बर्फाचा डोंगर, आत मूठभर काड्या.
बाहेरचं आहे काका, पोरगा म्हणाला.
भाव ऐकून मी पाकिटाला नुसतं नाक लावलं.
प्लास्टिकचा वास आला, डोंगराचा नाही.

मग छाणीच्या पुढे, रमणभाईंची वखार.
ते म्हणाले, झिंजवो.
मी म्हणालो, मारवेल.
एकाच काडीची दोन टोकं धरून
आम्ही दोघं जरा वेळ बरोबर होतो.

गवत कसं निवडायचं ते मी तिथं शिकलो,
साठीनंतर, उकिडवं बसून.
मूठ आवळायची: कुरकुरलं तर घ्यायचं,
गपगार दबलं तर आत ओल आहे.
वास चहाच्या डब्यासारखा हवा,
पावसातल्या बुटासारखा नको.
पेंढी वर्तमानपत्रावर झटकायची
आणि धुरळा अग्रलेखावर किती साचतो ते बघायचं.
रंग फिका चालेल. काळा ठिपका चालणार नाही.
फुलोऱ्याआधी कापलेलं हवं,
नाहीतर कुसळं. ती हिरडीत रुततात,
डोळ्यात जातात.

घरी मी चष्मा लावून एकेक कुसळ वेचतो.
प्रमिला दारातून बघते.
परवा म्हणाली, कुसळं बरी दिसतात तुम्हाला आता.
पुढचं म्हणाली नाही.
मुसळाचं मी मनातच म्हटलं.
किती कान धरले असतील या हातांनी,
टेबलावर किती पाठी दाबून ठेवल्या असतील,
आणि डबा वाजवला की तेच कान
माझ्याच दिशेला वळायचे.

पहिल्या दिवशी तिला कळलंच नाही हे खाणं आहे.
ती गवतावर बसली.
दुसऱ्या दिवशी त्यात झोपली.
मी ढीग वाढवला, तिच्याएवढा केला,
रोज जुनं काढून नवं, मधे दोन पुदिन्याची पानं लपवून.
तिसऱ्या रात्री, वीज गेलेली,
स्वयंपाकघरातून आवाज आला:
कुणीतरी बारीक करवतीनं कागद कापतंय,
थांबतंय, पुन्हा कापतंय.
मी अंधारात उभा राहिलो, अनवाणी.

सशाचे दात मरेपर्यंत वाढतात.
गोळ्यांनी ते झिजत नाहीत,
आडवं दळावं लागतं, तासन् तास, काडीनं.
आमच्याकडे दात वाढले की आम्ही कात्री आणायचो.
त्याचीही नोंद आहे, तारखेसकट, माझ्या अक्षरात.

प्रमिलानं तिला तीन नावं ठेवून पाहिली.
एकालाही ती बधली नाही.
मी सत्तावीस म्हणायचं सोडलं आहे, बहुतेक वेळा.
झिंजवो म्हटलं की मात्र कान हलतो,
निळ्या शाईचाच.

उद्या छाणीला जायचंय.
पोतं तळाला लागलंय, खाली नुसता भुसा.
आणि केर, प्रमिला म्हणते,
केराचं काय ते एकदा ठरवा.