एरोसोल

आदेल्सिया मावशीच्या सलूनमध्ये या शब्दाला
गुलाबी झाकण असतं.
दाबलं की फुस्स.
लग्नाच्या अंबाड्यावर तीनदा, शनिवारच्या नाचाला दोनदा.
झुरळांचा डबा वेगळा,
पण हाक तीच : "ए, एरोसोल दे गं."

झुल्मिराचा एरोसोल
किनाऱ्यावरच्या मनोऱ्यात, बेचाळीस पायऱ्या वर,
चिमट्यात धरलेला गोल कागद.
सोमवारी लावताना पांढरा,
गुरुवारी काढताना चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा.
सहारा आला होता, असं ती वहीत लिहीत नाही.
वजन लिहिते, वाऱ्याची दिशा, वेळ.

"पण म्हणजे नक्की काय?" हातात कंगवा, खुर्चीत आई.
"काहीही. धूळ, धूर, आपल्याच लाटांचं मीठ.
इतकं बारीक, की हवा त्याला
खाली ठेवायचं विसरते."
"आणि सोल म्हणजे सूर्य."
"नाही मावशी. सोल म्हणजे द्रावण. शब्दाचं शेपूट छाटलंय."
मावशी नुसती हनुवटीने खिडकी दाखवते.

बाहेर ब्रुमा सेका, कोरडं धुकं, दुसरा दिवस.
डोंगर गेलेला. बंदर गेलेलं.
सूर्य ताकात पडलेल्या नाण्यासारखा,
उघड्या डोळ्यांनी बघून घ्यावा असा.
"हवेतला सूर्य," मावशी म्हणते. "पुस्तक दुरुस्त करून घे तुझं."

तेवढ्यात फोन.
अर्लिन्दोच्या विमानाने दोन घिरट्या घातल्या,
धावपट्टी दिसली नाही,
साल बेटावर उतरवलंय सगळ्यांना.
रॉटरडॅमला जाऊन सात वर्षं,
आणि आता मधे एवढासा समुद्र.
घरी काचुपा पहाटेपासून चुलीवर.

आईचे अर्धे केस बसवलेले, अर्धे मोकळे.
"कधी खाली बसेल हे?"
तिला धुळीबद्दल विचारायचंय, असं धरून
झुल्मिरा सांगते :
"जड असतात ते कण लगेच पडतात.
हलके आठवडाभर राहतात,
महासागर ओलांडतात."

"माझा हलकाच होता," आई म्हणते.

मावशी गुलाबी डबा हलवते, थांबते,
दाबत नाही.

रात्री टेबलावर त्याचं ताट
पालथं घालून ठेवलं, धूळ बसू नये म्हणून.
सकाळी आईने ते उचललं.
सगळं टेबल विटकरी,
मधे एक पांढरा गोल.
झुल्मिराने सवयीने घड्याळ पाहिलं
आणि वेळ लिहून घेतली.