निळे चार चौकोन

मूळ फोटो कुणी काढला, माहीत नाही.
माझ्या फोनवर आला तोवर इतक्या हातांतून फिरलेला
की जुन्या दहाच्या नोटेसारखा विटला होता,
कडा विरघळलेल्या,
खाली कुणीतरी चिकटवलेले जोडलेले हात.
गोदेला पूर. दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत पाण्यात.
होळकर पुलावर छत्र्या.

मी एकतीस वर्षं नाशिक रोडला
नोटांच्या छापखान्यात तपासणीला होते.
ताव उलटायचा, बघायचं, ताव उलटायचा.
एक रेघ सरकलेली दिसली, एक ठिपका जास्त,
की खूण करायची. ताव बाद.
निवृत्तीनंतरही वर्षभर
भाजीवाल्याच्या सुट्ट्या नोटा मी उजेडात धरून बघायचे.
तो म्हणायचा, बाई, खोट्या नाहीत.
त्याला काय सांगू, मी खोटं नाही शोधत,
चुकलेलं शोधते.

भाचीच्या पोरानं लॅपटॉपवर फोटो ताणला,
अजून ताणला,
आणि नदी फुटली चौकोनाचौकोनांत.
मावशीआजी, हे पिक्सेल.
अरे, ही तर ठिगळं.
चौसष्ट आडवी, ऐंशी उभी.
गुणाकार त्यानं केला,
टाके मी घातले. अडीच वर्षं.

पाण्यासाठी चहात उकळलेलं मलमल,
परकरांचे खाकी काठ, भद्रकालीतले कटपीस.
शेंदरी काही केल्या मिळेना.
मारुतीला सात तऱ्हांचा शेंदरी लागला,
त्यातला एक शेवटी सापडला
शेजारच्या गायधनींच्या जुन्या तंबूच्या पिशवीत.
आभाळ सोपं होतं. आभाळाला कुठलंही अस्तर चालतं.

फक्त डाव्या कोपऱ्यात, घाटाच्या पायऱ्यांशी,
चार चौकोन निळे.
आजूबाजूला सगळं मातकट, आणि हे चारच.
ना सावली, ना होडी.
फोटो बिघडलाय, मी म्हटलं.
हात लगेच खूण करायला निघाला.
नकाशात होते म्हणून शिवले,
पण मागच्या बाजूला एक टाका सैल ठेवला,
नंतर उसवायला बरा.

गंगापूर रोडच्या हॉलमध्ये तीन दिवस प्रदर्शन.
माझी गोधडी भिंतीवर, दोन दिवे तिच्या तोंडावर,
बाजूला पाटी: मिश्र माध्यम. कृपया हात लावू नये.
गोधडीला हात लावू नये!
लोक जवळ यायचे, त्यांना चिंध्या दिसायच्या.
दहा पावलं मागे सरका, मी सांगायचे,
आणि मागे सरकताना
एक गृहस्थ कुंडीवर बसलेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली,
कोपरात हेल्मेट अडकवलेलं, ओढणी तोंडावरून सोडवत.
मागे सरकली नाही.
सरळ कोपऱ्यात गेली, पाटी न वाचता बोट ठेवलं.
हा आमचा निवृत्ती.

माझ्या तोंडून शब्द फुटेना.
मग विचारलं, परत आला ना?
आला की. संध्याकाळी. टपरी गेली पण.
स्टोव्ह काढायला उतरलेला येडा,
निळा रेनकोट माझाच होता.
आता चाकणला असतो. त्या जागेचा
एकही फोटो नाही आमच्याकडे.

कशावरून तोच, असं विचारणार होते.
एकतीस वर्षांची जीभ ती.
पण तिनं तोवर फोन काढला होता,
चार चौकोनांचा फोटो घेतला, मग सगळ्या गोधडीचा,
आणि तिच्या तळहातावर
माझी अडीच वर्षं पुन्हा झाली
पूर, मारुती, छत्र्या.
पाठवला, म्हणाली. बघेल शिफ्ट सुटल्यावर.

तो बघेल तेव्हा ताणेल, मला ठाऊक आहे.
ताणेल, अजून ताणेल,
आणि स्वतःपाशी पोचेल तेव्हा
त्याला दिसेल कॅन्टीनच्या जुन्या पडद्याचा निळा
आणि माझा जरासा वाकडा धावदोरा.

रविवारी गोधडी उतरवली.
उलटी करून टेबलावर पसरली, मारुतीसारखं
हिलाही मागचं तोंड आहे.
सैल टाका सापडला.
कात्री पर्समध्ये होती.
बराच वेळ मी तो दोरा बोटाला गुंडाळत बसले,
मग सोडला.
हॉलवाला दिवे बंद करत म्हणाला,
मॅडम, काही राहिलंय का?