हलक्या लाथेची

दुकानात एकच शेगडी, तिच्याजवळ डेल्फिन कॅडॉट,
नाकाच्या शेंड्यावर चष्मा, बोटांना तेलाचा वास.
"कुठला खांदा?"
उजवा, म्हणालो. एप्रिलमध्ये उघडला होता, आत दोन स्क्रू आहेत.
डॉक्टर म्हणाला, बर्फ लोटायचा नाही, लाकडं फोडायची नाहीत.
बंदुकीचं मी त्याला विचारलंच नाही.

वडिलांची थर्टी-ऑट-सिक्स ब्लँकेटात गुंडाळून नेली होती,
म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं दवाखान्यात नेतात, तशी.
बेचाळीस हंगाम तिनं आमचा फ्रीझर भरला
आणि बेचाळीस हंगाम मला लाथा घातल्या.
दुभत्या गाईच्या लाथा. कोण मोजतं?
हेल्मी मोजायची.
हंगामाच्या पहिल्या रात्री, सॉनात,
खांद्यावरचा निळा डाग बघून म्हणायची,
"रेइनो, यंदा तू हरणाला मारलंस की हरणानं तुला?"

डेल्फिननं काउंटरवर तीन ठेवल्या.
मी सगळ्यात हलकी उचलली. पीसच.
"ठेव ती खाली. हलकी बंदूक जोरात मारते.
धक्का तिनं खायचा की तू, एवढंच ठरव."
मग ही टू-फोर्टी-थ्री. जरा जड.
अक्रोडाचा दस्ता, मागे जाड रबर,
गोळी माझ्या करंगळीच्या नखाहून बारीक.
एवढीशी?
"एवढीशीच. म्हणून जागा चुकायची नाही.
पुढच्या पायामागे, तळहातभर.
तेवढं दिसत नसेल तर थर्मासमधली कॉफी पी आणि घरी ये."

गावामागे बंद पडलेली लोखंडाची खाण आहे.
तिथं तिनं काडतुसं स्वतः भरली, मला पाठ फिरवून.
चार बार झाले. खांदा बरा होता.
पाचव्या वेळी चाप ओढला
आणि नुसतं टक्.
काडतूस पोकळ होतं,
पण नळीनं केवढी मान खाली घातली!
धक्का आलाच नव्हता, मी मात्र खाऊन मोकळा.
डेल्फिन काही बोलली नाही. शिंकरली फक्त.
बंदूक नवी, भीती बेचाळीस वर्षांची.

सगळा ऑक्टोबर मग स्वयंपाकघरात.
रिकामी बंदूक, खिडकीबाहेर मेपलची एक गाठ,
आणि नळीवर हेल्मीच्या बरणीतलं एक नाणं.
चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये.
पडायचं. टेबलाखाली, कोळशाच्या बादलीत,
एकदा तर मांजराच्या दुधात.
महिनाअखेरी ते पडेनासं झालं.

पंधरा नोव्हेंबर. हेमलॉकखाली दोन बोटं बर्फ.
आठच्या सुमाराला आला, दोन-टोकी शिंगांचा, तरुण,
थांबत थांबत, काहीतरी विसरल्यासारखा.
साठ पावलं.
तळहातभर जागा. श्वास अर्धा सोडला.

आणि मी पाहिलं.
दुर्बिणीतून, सगळं, जागच्या जागी:
केस उडाले, कातडीवरून एक लाट गेली,
तोंडातून वाफ निघाली आणि अर्ध्यात तुटली.
तो माझ्याकडे बघत नव्हता. कशाकडेच नव्हता.
तीसेक पावलं पळाला, आणि पाय त्याच्या आधी थांबले.

बेचाळीस हंगामांत हे कधी पाहिलं नव्हतं.
जुनीची लाथ बसली की दुर्बीण वर जायची,
झाडांचे शेंडे दिसायचे, राखाडी आभाळ.
मी खाली येईपर्यंत झालेलं असायचं.
मला वाटायचं, ते असंच होतं. मधे काही नसतं.
आणि डाग दुखायचा आठवडाभर,
तेव्हा वाटायचं, आपणही थोडं चुकतं केलं.

संध्याकाळी सॉनात दगडांवर पाणी ओतलं.
खांदा कोरा. विचारणारं कुणी नाही.

डेल्फिनचा फोन आला. "लागली का?"
नाही, म्हणालो. हलतच नाही ती.
सगळं दिसतं.
ती बराच वेळ गप्प.
"हो," म्हणाली, "ते सांगायला हवं होतं मी."
मग काडतुसांचा भाव वाढल्याचं सांगत बसली.