हवा भरून मिळेल

त्रिमूर्ती चौकातल्या टपरीची पाटी
आता पलंगाशेजारी पालथी पडली आहे.
तिच्यावर ऑक्सिजनचं यंत्र ठेवलंय,
म्हणजे फरशी थरथरत नाही,
खालचे आहेर तक्रार करत नाहीत.

मिनिटाला दोन लिटर. बाटलीत बुडबुडे.
आप्पा तासन् तास त्यांच्याकडेच बघतात.
घमेल्यात ट्यूब बुडवून
भोक शोधायची चाळीस वर्षांची सवय.
पंक्चरचे पैसे. हवेचे नाहीत,
असा त्यांचा कायदा होता.

सिस्टर सालोमी मंगळवारी शरणपूरहून येतात.
बोटाचा चिमटा काढून पिशवीत टाकतात,
"आकडा नको, कपाळ बघ.
आठी सुटली की पुरे."
टेबलफॅन गालाशी. उशीवर ओणवं बसणं.
ओठांचा चंबू करून, बशीतला चहा फुंकावा तसं
हळूच बाहेर.
रात्री मॉर्फिनचे थेंब, मोजून.
समई गॅलरीत गेली, उदबत्ती बंद.
देवाचं आप्पांना फारसं कधी नव्हतंच;
बिडीचं मात्र वाईट वाटतं.

शनिवारी लाईट गेली.
यंत्र एकदा किंचाळलं आणि गप्प झालं.
त्या शांततेत मला पहिल्यांदा
त्यांचा नुसता श्वास ऐकू आला,
फरशीवरून लोखंडी खाट ओढावी तसा.
सिलिंडर दाराआड उभा. चावी माझ्या हातात,
आणि हात माझे राहिले नाहीत.
दहादा शिकवलेलं, कुठल्या बाजूला फिरवायचं,
सगळं गेलं.

आप्पांनी बोटानं हवेत गोल काढला.
डावीकडे.
सावकाश.
मग ते बोट जिभेला लावून
नळीच्या सांध्यावर ठेवलं, थांबले.
एक बारीक फुगा आला.
"इथं... सुटतीय."

मी सांधा दाबून बसवला.
पंखा बंद, म्हणून औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
वारा घालत राहिले.
काटा बघून म्हणाले,
"जास्त नको भरू.
जुनी ट्यूब आहे."

लाईट चारला आली.
संध्याकाळी सिलिंडरवाला पोरगा भाडं सांगून गेला.
"हवेचे?"
एवढंच बोलले, हसायला लागले,
हसण्यानं धाप लागली.
मी पंखा गालाशी ओढला
आणि कपाळाकडे बघत बसले.