विळ्याभोपळ्याचं सख्य

यंदा सनाउल्ला आला नाही.
एरवी दिवाळी सरली की
मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल टेकवून
तो शालींचं गाठोडं सोडायचा,
अब्बांच्या कट्ट्यावर बसून चहात मीठ मागायचा,
आणि आम्ही हसायचो.

फोनवर म्हणाला, घर आहे, छप्पर नाही.
मग जरा थांबून,
शेजाऱ्यांचं घरही नाही.
शाळेच्या भिंतीला इतकी भोकं
की बालवाडीची पोरं त्यांच्यावरच आकडे शिकतात.
हे तो विनोद म्हणून सांगत होता.

आमच्याकडे पैशाच्या नावानं भोपळा.
म्हणजे खरोखरच भोपळे,
भीमेकाठाहून टेम्पोनं आलेले,
माळ्यावर छताला टेकेपर्यंत रचलेले,
आणि त्यातले कितीतरी
वाळता वाळता तडकलेले.
तडकलेल्याचा तंबोरा होत नाही.
आवाज गळतो, अब्बा म्हणतात.

मी त्यातला एक उचलला.
गिरमिटानं बारीक बारीक भोकं पाडली,
आत झिरोचा बल्ब सोडला.
तडा बुजवला नाही.
त्याच्या दोन्ही काठांनी
तंबोऱ्याच्या गळ्याला काढते तीच वेल काढली,
पान, पान, कळी,
पान.

आम्ही शिकलगार.
खापरपणजा तलवारींना धार लावायचा,
लढाया थांबल्या, गिऱ्हाईक आटलं,
मग कुणीतरी मोडकी सतार घेऊन आलं
आणि हात वळले.
गल्लीत ही गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबर मिळते.
त्या तलवारी नंतर कुठं गेल्या,
कुणाच्या उंबऱ्यात,
ते कुणी विचारत नाही.
मीही विचारलं नव्हतं, गिरमिट हातात येईपर्यंत.

विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणजे हाडवैर,
शाळेत बाईंनी वाक्यात उपयोग करायला लावला होता.
आमच्या घरात दोघं एकाच फळीवर.
पातं भोपळ्यात शिरतं
आणि कुणी मरत नाही.
मी तेव्हा हेच लिहिलं होतं. बाईंनी चूक दिली.

सांगलीत, विश्रामबागच्या चौकात,
शनिवार-रविवार टेबल मांडलं.
पुठ्ठ्यावर लिहिलं: सरहद्दीवरच्या घरांसाठी. एक दिवा नऊशे.
एकानं विचारलं, कुठल्या बाजूच्या घरांसाठी?
मला उत्तर सुचलं नाही.
मी बल्ब लावला.
तो थोडा वेळ बघत राहिला, मग त्याला फोन आला.
एक बाई म्हणाल्या, तडा गेलाय की, शंभर कमी करा.
केले.
रात्रभर हिशेब करत राहिले,
शंभरात तिकडे किती पत्रा येतो.
कवठ्याचे एक निवृत्त सुभेदार आले,
दिवा हातात फिरवून भोकं मोजत बसले,
मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून.
आकडा सांगितला नाही.
दोन घेतले.

एकवीस केले, सतरा गेले.
पंधरा हजार दोनशे,
नझनीननं सनाउल्लाच्या खात्यावर टाकले.

महिन्यानं त्याचा फोटो आला,
शाळेवर नवे पत्रे, खाली दाटीवाटीनं पोरं.
स्वतःच्या घरावर अजून ताडपत्री.
अब्बा भडकले, आपण त्याला दिले होते ना!
मग चष्मा काढून पुसत बसले,
खूप वेळ, एकच काच.

उरलेल्या चारांतला एक कट्ट्यावर टांगलाय.
येता-जाता अब्बा त्याला टिचकी मारतात,
कान लावतात.
गळतो, म्हणतात.
पण काढत नाहीत.

आज पहाटे, सगळे झोपेत असताना,
मी चहात चिमूटभर मीठ घालून बघितलं.
वाईट लागलं.
सगळा प्यायले.