पडदा

डॉक्टर बिल्गेबाईंनी कागदावर पेनानं एक घर काढलं.
दोन खोल्या, मध्ये भिंत,
भिंत डावीकडे इतकी कललेली
की डाव्या खोलीत माणूस आडवा होऊनच शिरेल.
"हा तुमच्या नाकाचा पडदा. लहानपणी लागलं होतं?"
"पडलो होतो," मी म्हणालो.
चव्वेचाळीस वर्षं हेच म्हणतोय.

पडलो नव्हतो.
रिझेच्या वर, आमच्या उतारावर एक तार आहे,
चहाची पोती तिच्यावरून दरी ओलांडून खाली येतात.
वर बाप, खाली नऊ वर्षांचा मी,
मध्ये धुकं.
त्यानं हाक द्यायची,
मी बाजूला व्हायचं,
मग त्यानं पोतं सोडायचं.
त्या दिवशी हाक आली होती की नव्हती
यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही.
लोखंडी आकडा आला, एवढं खरं.

नाकासमोर चालावं, म्हणतात.
मी चाललो असतो तर
दर शंभर पावलांनी डावीकडे वळत
पुन्हा त्याच तारेखाली येऊन उभा राहिलो असतो.

त्राब्झोनच्या इस्पितळात भूलवाला म्हणाला,
दहापासून उलटे आकडे मोजा.
आठपर्यंत गेलो.
पुढे मला एकच आकडा दिसत होता.

जाग आली तेव्हा तोंडात जीभ नव्हती,
वाळत टाकलेलं कातडं होतं.
नाकात सिलिकॉनच्या दोन पट्ट्या, आरपार टाका.
शिंक आली तर तोंड उघडं ठेवा.
वाकू नका, नाक शिंकरू नका, पोतं तर अजिबात उचलू नका.
मिठाचं पाणी दिवसातून सहा वेळा,
एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर,
बाहेर येताना गंजाच्या रंगाचं.
नेझाकेत तसराळं धरून बसायची, मान वळवून.
माझ्या घोरण्याला कंटाळून
अठरा वर्षांपूर्वीच ती वरच्या खोलीत झोपायला गेलीय.

आठव्या दिवशी पट्ट्या निघाल्या
आणि थंड हवा सरळ कपाळाच्या मागे जाऊन आदळली.
डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून नाही.
आरशात बघतो तर नाक तसंच, डावीकडे झुकलेलं.
"वरच्या हाडाला मी हात लावला नाही," डॉक्टर म्हणाल्या,
"तुम्ही मागितलं नव्हतंत."
खरंच, नव्हतं मागितलं.

घरी आलो. झोपलो.
आमच्या लाकडी भिंतीपलीकडे आई झोपते, हाजेर, ब्याऐंशी वर्षांची.
मी घोरायला लागलो की काठीनं फळ्या ठोकायची,
करवत थांबव म्हणायची,
आणि स्वतः लगेच झोपी जायची.

त्या रात्री काठी वाजली नाही.
दार वाजलं.
अंधारात पायाशी कुणीतरी उभं होतं, बराच वेळ,
मग नाकाखाली एक तळहात आला.
मी डोळे मिटूनच श्वास घेतला
आणि त्या हाताचा वास आला:
ओली चहाची पानं, मक्याचं पीठ, चुलीचा धूर,
आणि त्याखाली अजून काहीतरी,
ज्याला नाव द्यायला मला वेळच मिळाला नव्हता.

"जिवंत आहे मी," म्हणालो.
"गप. मोजतेय."

दुसऱ्या रात्री आली. तिसऱ्याही.
चौथ्या रात्री मी म्हणालो, आई, आता रस्ता साफ झालाय,
आवाज येणार नाही, तू झोप.
ती पलंगाच्या कडेवर टेकली.
"तुझा बाप असाच बसायचा," ती म्हणाली,
"तुझं नाक फुटलं तेव्हा.
सहा रात्री, हात असा धरून.
तू घोरायला लागलास त्या रात्री झोपला.
पोराला सांगू नको म्हणाला होता."

हाक दिली होती का,
हे तेव्हा विचारता आलं असतं.
दोन्ही नाकपुड्यांतून हवा येत होती, जात होती,
तिच्या तळहातावर आपटत होती.

पहाटे कधीतरी ती उठून गेली.
काठी माझ्याच खोलीत राहिली.